युवराज आणि मोतद्दार

डिसेंबर १८७१ मध्ये इंग्लंडचा युवराज एडवर्ड सँडरिंगहॅमच्या वाड्यात विषमज्वराने अत्यवस्थ होता. देशभरच्या चर्चमधून त्याच्यासाठी प्रार्थना चालल्या होत्या. १४ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे वडिलांच्या दहाव्या पुण्यतिथीलाच, त्याचा ताप उताराला लागला. २७ फेब्रुवारी १८७२ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये देवाचे जाहीर आभार मानले गेले. पण त्याच तापाने युवराजाचा मोतद्दार दगावला होता, आणि स्कारबरोला युवराजासोबत एका घरी मुक्कामाला असलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्डही. युवराज वाचला हे प्रार्थनेचे फळ मानले, तर या दोन मृत्यूंना काय म्हणायचे?

संकट आले की उपवास-प्रार्थनेचा दिवस जाहीर करायचा, ही तिथल्या सरकारची जुनी रीत. १८३२ च्या कॉलऱ्यात २१ मार्चचा दिवस असाच पाळला गेला. १८५३ मध्ये साथ परतली तेव्हा एडिंबरोच्या धर्मगुरूंनी पुन्हा विचारणा केली. गृहमंत्री पामर्स्टन यांनी कळवले, की आधी गोरगरिबांच्या वस्त्यांतली घाण काढा. याला नास्तिकपणा म्हणता येणार नाही, कारण १८६० च्या भिजक्या उन्हाळ्यात चार्ल्स किंग्जली या धर्मगुरूनेच उघडीप मागणारी प्रार्थना करायला नकार दिला. युवराजाच्या तापाचा ठपकाही पुढे स्कारबरोच्या त्या घरातल्या गटारांवरच आला.

जुलै १८७२ मध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी एक निनावी सूचना छापायला दिली: रुग्णालयातल्या एका वॉर्डासाठी तीन ते पाच वर्षे प्रार्थना करा आणि तिथल्या मृत्यूंचे प्रमाण इतरांशी ताडून पाहा. ऑगस्टमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी आकडेच मांडले. राजाच्या दीर्घायुष्यासाठी सगळा देश प्रार्थना करतो, तरी राजघराण्यांतल्या पुरुषांचे सरासरी वय ६४.०४ वर्षे आणि जमीनदार वर्गाचे ७०.२२. श्रद्धावंतांनी उत्तर दिले, की देवाची परीक्षा घ्यायची नसते. हे उत्तर मला मान्य आहे, पण त्याची किंमतही मोजली पाहिजे. विफल प्रार्थना जो मोजू देत नाही, त्याला सफल प्रार्थना पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. सेंट पॉलमध्ये आभार मानणे योग्यच होते. त्यातून सिद्धता काढणे मात्र चूक.

मग मागायचेच कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर बायबलमध्येच आहे. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, आणि तो टळला नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा गाऱ्हाणे घातले, आणि काटा तसाच राहिला. ज्या धर्माच्या मध्यावर न फळलेली प्रार्थना उभी आहे, त्याला नकाराची लाज वाटायचे कारण नाही. येशूने मागणे लपवले नाही आणि नकारानंतर पित्याकडे पाठही फिरवली नाही. तिथे प्रार्थना हे बरे होण्याचे साधन नसून नाते आहे. हे एकदा मान्य केले, की मोतद्दाराच्या मृत्यूचे कारण त्याच्या घरच्यांच्या श्रद्धेत शोधण्याचे क्रौर्य संपते. त्याच्यासाठीही गुडघे टेकता येतात, आणि उठून गटारही साफ करता येते.