विजयनगरची नृत्यशाळा आणि एक पोर्तुगीज पाहुणा

१५२०च्या सुमारास डोमिंगो पायस या पोर्तुगीज प्रवाशाला विजयनगरचा राजवाडा आतून पाहायला मिळाला. गादीवर तेव्हा कृष्णदेवराय होता. महानवमीच्या उत्सवात नर्तकींचे दागिने पाहून पायस दिपलाच होता. राजवाड्यातील नृत्यशाळेत मात्र त्याची नजर वेगळ्याच गोष्टींवर स्थिरावली. तेथील फलकांवर प्रत्येक नृत्याची अखेरची मुद्रा कोरलेली होती. नर्तकीला ती विसरली, तर फलकाकडे पाहून घ्यावे, एवढाच हेतू. एका टोकाला हातांनी धरून अंग ताणण्याची, पाय मोकळे करण्याची जागा होती. नृत्यामागची रोजची मेहनत दरबारी काव्यात सहसा कोण नोंदवतो? १५६५च्या पराभवानंतर नगर लुटले गेले. हंपीच्या महानवमी चौथऱ्यावर कोरीव नर्तकी अजून आहेत. त्या तालमीची जागा पायसच्या वृत्तांतात आहे.