गिओन मात्सुरी
गिओन मात्सुरी हा जपानमधील क्योतो शहरात दरवर्षी जुलै महिनाभर चालणारा उत्सव आहे. तो यासाका या शिंतो देवस्थानाशी संबंधित असून १७ व २४ जुलै रोजी निघणाऱ्या सुशोभित रथांच्या मिरवणुका हे त्याचे मुख्य आकर्षण होय. रोगनिवारणाचा विधी म्हणून सुरू झालेला हा उत्सव नगरवासीयांनी जोपासला. 'गिओन' हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या जपानी नावावरून आले आहे.

इतिहास
इ.स. ८६९ मध्ये रोगाची साथ पसरली असता क्षुब्ध आत्म्यांच्या शांतीसाठी तत्कालीन ६६ प्रांतांचे प्रतीक म्हणून ६६ भाले उभारण्यात आले, अशी परंपरा आहे. ओनिन युद्धामुळे (१४६७–१४७७) खंडित झालेली मिरवणूक १५०० साली पुन्हा सुरू झाली. १५३३ मध्ये राज्यकर्त्यांनी देवस्थानाचे विधी थांबवले, तेव्हा विधी झाले नाहीत तरी रथ निघू द्यावेत, अशी मागणी नगरवासीयांनी केली.

रथ
रथांचे 'यामा' आणि 'होको' असे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या होकोची उंची सुमारे २५ मीटर, तर वजन सुमारे १२ टन असते. त्याचा लाकडी सांगाडा खिळ्यांविना, केवळ दोरखंडांनी बांधतात. सजावटीत युरोपातील चित्रे विणलेले पडदे, तसेच दख्खनमध्ये विणलेले जुने गालिचेही आढळतात.

मिरवणूक व संगीत
१७ जुलैच्या मिरवणुकीत 'नागिनाता-होको' हा रथ अग्रभागी असतो. त्यावरील बालक तलवारीने पवित्र दोर कापून मार्ग मोकळा करतो. होकोंवर बसलेले वादक बासरी, ढोल आणि 'काने' हे काशाचे वाद्य वाजवतात. होकोची चाके वळत नसल्याने चौकात बांबूच्या ओल्या पट्ट्या अंथरून त्यांवरून रथ फिरवला जातो. रोगकारक शक्ती रथांकडे ओढल्या जातात, या समजुतीमुळे मिरवणूक संपताच रथ सुटे करतात.

जतन
प्रत्येक रथाची जबाबदारी एकेका पेठेकडे असते. १८६४ च्या आगीत अनेक रथ नष्ट झाले. त्यांपैकी 'ओफुने-होको' २०१४ मध्ये, तर १८२६ नंतर मिरवणुकीत नसलेला 'ताका-यामा' २०२२ मध्ये परतला. आता रथांची संख्या ३४ आहे. २००९ मध्ये युनेस्कोने या रथोत्सवाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. साथ टळावी म्हणून सुरू झालेल्या या उत्सवातील मिरवणुका २०२० व २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे रद्द झाल्या. मात्र २०२१ मध्येही अनेक पेठांनी आपले रथ उभारले, कारण बांधणीचे कौशल्य पुढील पिढीकडे प्रत्यक्ष कामातूनच जाते.