यंत्राचे आरंभीचे मौन : संगणकाच्या दोषशोधनाचा एक ऐतिहासिक विचार

संगणकाची कळ दाबल्यापासून त्याची कार्यप्रणाली पूर्णपणे कार्यरत होईपर्यंत जो अल्प काळ जातो त्यास ‘बूट’ म्हणण्याचा प्रघात आहे. स्वतःच्याच बुटाच्या मागील पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणे, ही अशक्यप्राय कल्पना या संज्ञेच्या मुळाशी आहे. आज्ञावली स्मृतीत आणावयाची तर ती आणणारी दुसरी आज्ञावली आधीच स्मृतीत असावी लागते, हा तो पेच होय. या काळातच यंत्र थिजले तर दोष सांगणारी व्यवस्थाही अद्याप उभी राहिलेली नसते. आरंभीच्या दोषशोधनाचा इतिहास म्हणजे यंत्राला अधिकाधिक लवकर बोलते करण्याचा इतिहास होय, असे म्हणता येईल.

या इतिहासाचा एक धागा रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याशी जुळतो. रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९४५ ते १९६४ या काळात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकीर्दीत त्या संस्थेत भारतातील पहिला अंकीय संगणक, ब्रिटिश बनावटीचा ‘हेक-२एम’, १९५६ साली कामास लागला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ‘टिफरॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्या पिढीच्या यंत्रांत आरंभाचा भार बव्हंशी माणसावरच असे. दिव्यांच्या रांगा पाहून यंत्र कोठे थांबले हे ताडावे लागे. परंतु प्रत्येक पायरी माणसाच्या नजरेखाली घडत असल्याने दोषाचे स्थान फार काळ लपून राहत नसे.

१९८१ साली आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि आरंभीची आज्ञावली कायम स्मृतीत बंद झाली. पडदा उजळण्यापूर्वी यंत्र स्वतःची तपासणी करी आणि निकाल ध्वनीने कळवी. एक आखूड आवाज म्हणजे सर्व ठीक. अन्य संख्येचे वा लांबीचे आवाज म्हणजे अमुक भागात बिघाड. पुढे पडद्यावर इंग्रजी ओळी धावू लागल्या आणि त्यानंतर त्या ओळी बोधचिन्हाआड झाकण्याची प्रथा आली. सामान्य ग्राहकाची त्यामुळे सोय झाली, परंतु दोष शोधणाऱ्याची दृष्टी गेली. म्हणूनच लिनक्स थिजल्यास पहिला उपाय म्हणजे आरंभीच्या आज्ञेतील ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द काढून ते आवरण दूर करणे.

येथे एक तारतम्य आवश्यक आहे. पडद्यावरील शेवटची ओळ म्हणजे अपराधी नव्हे. ती बहुधा पूर्ण झालेल्या कार्याची नोंद असते आणि दोष तिच्या पुढच्या, अद्याप न बोललेल्या पायरीत असतो. पेणच्या खारेपाटात भरतीचे पाणी शेतात शिरले तर शेतकरी सगळेच खाचर उपसत बसत नाही. पाणी प्रथम कोठे दिसले ते पाहून तो बांधाची खांड गाठतो. येथेही शेवटची सुस्थिती आणि पहिली दुःस्थिती यांमधील अंतर कमी करीत जाणे हाच न्याय लागू पडतो. कधी यंत्र चालूच असते आणि केवळ चित्रपटल मूक झालेले असते. अशा वेळी ‘नोमोडसेट’ ही सूचना देऊन चित्रव्यवस्थेचा बदल रोखल्यास पुढील ओळी दिसू लागतात. पडदाच निरुपयोगी असेल तर क्रमिक तारेने दुसरा संगणक जोडून तेथे संदेश वाचतात. आधी चालणारी प्रणाली सुधारणेनंतर थिजत असेल, तर जुनी व नवी आवृत्ती यांमधील बदल निम्म्या-निम्म्याने तपासतात. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो.

आरंभीच बिघडणे किती महाग पडते हे १९ जुलै २०२४ रोजी जगाला दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणालीची एक सदोष धारिका सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांत गेली. ही यंत्रे सुरू होतानाच कोसळू लागली. भारतातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. सुधारित धारिका लगेच तयार झाली होती. परंतु जे यंत्र उभेच राहत नाही त्याला ती दुरून पोचविणे कठीण. पुष्कळ ठिकाणी माणसाने प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून, ती धारिका पुसली.

पेण किंवा रोहे येथील दुकानात वा कचेरीत आज पडद्यावर देवनागरी सहज उमटते. १९९१ साली भारतीय लिपींचे ‘इस्की’ मानक सुधारून प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. तथापि ही लिपी उमटते ती आरंभ सुखरूप पार पडल्यानंतर. लिनक्सच्या आरंभीच्या अक्षरपटलास जुन्या पद्धतीत २५६ किंवा ५१२ आकृत्यांचीच मर्यादा असे. देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा यांची मांडणी तेथे साधत नाही. परिणामी संकटाच्या नेमक्या क्षणी मराठी वापरकर्त्यासमोर परभाषा उभी राहते आणि पाच मिनिटांत सुटणारा प्रश्न पनवेल-मुंबईच्या दुरुस्तीगृहापर्यंत जातो.

यावर मूळ संदेशांचे भाषांतर हा उपाय नव्हे. तोच संदेश जगभर त्याच शब्दांत राहिला तरच इतरांच्या अनुभवाशी तो ताडून पाहता येतो. हवा आहे तो या संदेशांचा मराठी अर्थकोश : संदेश मुळातला, त्याचा अर्थ मराठीत, आणि त्यापुढे तपासणीचा क्रम. तो छापील असणेच इष्ट; कारण ज्या वेळी त्याची गरज पडते, त्या वेळी पडदा काहीच सांगत नसतो.