सिनेगॉग

पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही रायगडातल्या बेने इस्रायली यहुद्यांची आडनावे. पेण-रोह्यातली त्यांची प्रार्थनास्थळे दाखवताना कोणी 'ज्यूंचे मंदिर' म्हणते, कोणी 'सिनेगॉग'. हा दुसरा शब्द हिब्रू वाटतो, पण आहे ग्रीक. 'सुन' म्हणजे एकत्र, 'आगेइन' म्हणजे नेणे. संस्कृत 'अज्' धातू त्याचा भाऊबंद. 'सुनागोगे' म्हणजे आधी एकत्र जमणे, मग जमलेली माणसे आणि शेवटी जमण्याची वास्तू. नव्या करारात तो बहुतेकदा यहुद्यांच्या प्रार्थनास्थळासाठी येतो. याकोबाच्या पत्रात मात्र ख्रिस्ती मंडळींच्या सभेलाही लावलेला दिसतो. मराठी बायबलने त्याचे 'सभास्थान' केले. हिब्रूत 'बेत क्नेसेत', जमण्याचे घर. इस्रायलच्या संसदेचे 'क्नेसेट' हे नाव त्याच मुळाचे.

गंमत अशी, की 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले हे कोकणी यहुदी बोलताना सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मुंबईतले 1796 चे त्यांचे पहिले सिनेगॉगही मशीदच! आता बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने लागणारे दहा पुरुष जमवणेही गावोगावी अवघड. तरी उरलेल्या वास्तूंना 'मंदिर' म्हणू नका. 'सिनेगॉग' रुळला आहे, 'सभास्थान' त्याहून नेमका आहे.