पाणभुंगेऱ्यांची ओळख

कार्ल लिनियसने 1758 साली गोड्या पाण्यातले बहुतेक भुंगेरे ‘डायटिस्कस’ या एकाच प्रजातीत घातले. आज तीन कुळांत विभागलेले कीटक तेव्हा एकत्र होते. 1762 मध्ये फ्रान्सच्या जोफ्रॉयने ‘हायड्रोफिलस’ वेगळा काढला, आणि हा भेद खरोखर मूलभूत आहे: डायटिस्कस शेपटाकडून वर येऊन पंखांखाली हवा भरतो, हायड्रोफिलस डोके वर काढून गदेसारख्या स्पर्शिकांनी ती घेतो. तिसऱ्या कुळातल्या, पृष्ठभागावर गिरक्या घेणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रत्येक डोळा दुभंगलेला असतो. एक भाग पाण्यावर, दुसरा पाण्याखाली पाहतो.

डेव्हिड शार्पने 1882 मध्ये डायटिस्कसच्या कुळाचा जगभरचा आढावा प्रसिद्ध केला. पुढे बाल्फोर-ब्राऊन यांचे ब्रिटिश पाणभुंगेऱ्यांवरील तीन खंड 1940 ते 1958 दरम्यान निघाले. सारख्या दिसणाऱ्या जाती ओळखताना नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आजही सर्वांत भरवशाचे ठरते.