कर्णबधिरांचा गुरू कोण?



शिक्षकाला कोणी शिकवावे, हा प्रश्न पंतोजींच्या काळी कोणी विचारीत नसे. ज्याला चार अक्षरे येत, त्याने छडी घेऊन ओसरीवर बसावे आणि ज्याला येत नसत, त्याने समोर बसावे, एवढीच तेव्हाची व्यवस्था होती. पुढे नॉर्मल स्कुले निघाली, ट्रेनिंग कॉलेजे निघाली, बी. टी. ची पदवी आली, आणि शिकविणे हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे, हे आपण सर्वांनी मान्य केले. परंतु ज्या मुलाला जन्मतःच ऐकू येत नाही, त्याच्या शिक्षकाने कोठे शिकावे, किती शिकावे, आणि मुख्य म्हणजे कोणापाशी शिकावे? आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहो. त्याची रंगभूमी बहुतांशी पॅरिस, हार्टफर्ड आणि वॉशिंग्टन ही दूरची शहरे आहेत. पण कथेचा धागा कलकत्त्याला आणि आपल्या मुंबईलाही येऊन पोचतो.

प्रथम या कामात इतके अवघड काय आहे, ते पाहू. घरी गेल्यावर आपण आरशासमोर उभे राहावे आणि आवाज न काढता ‘पार’, ‘बार’, ‘मार’, ‘भार’ हे चार शब्द उच्चारून पाहावे. ओठ चारही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ‘काय’ आणि ‘गाय’ यांत तर फरक घशाशी होतो. तो ओठांवर दिसणार कसा? ऐकणारे मूल दीड-दोन वर्षांत आईच्या बोलण्यातून भाषा आपसूक उचलते. तिला कोणी व्याकरण शिकवावे लागत नाही. कर्णबधिर मुलाच्या भोवती तीच आई तेच शब्द बोलत असते, पण त्याच्यापर्यंत पोचते ती फक्त ओठांची हालचाल. म्हणून त्याच्या शिक्षकाला गणित-भूगोलाच्या आधी भाषाच द्यावी लागते. कान कसा चालतो, जीभ टाळूला कोठे लागते, मूल भाषा कशी रचते, हे सारे त्याला ठाऊक असावे लागते. एरवीच्या शाळेत नुसत्या हौसेवर निभावेल. येथे निभावत नाही.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात या विद्येची तीन पीठे जवळजवळ एकाच काळात उभी राहिली. पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मोपदेशकाने दोन बहिऱ्या बहिणींना शिकविता शिकविता शाळा काढली. कर्णबधिर लोक आपापसांत ज्या खुणा करतात, त्यांतच भाषेचे बीज आहे, हे त्याने ओळखले आणि त्यांच्या आधारे तो फ्रेंच शिकवू लागला. त्याची शाळा विनामूल्य होती आणि पाठ लोकांना पाहण्यास खुले असत. लाइप्झिग येथे सॅम्युएल हायनिके याने १७७८ साली शाळा काढली. त्याचा सारा भर तोंडाने बोलण्यावर होता. एडिंबरो येथे टॉमस ब्रेडवुड याने १७६० च्या सुमारास शाळा सुरू केली. तीही बोलणे शिकवी, पण तिची पद्धत हे ब्रेडवुड घराण्याचे गुपित होते. वैद्याने मात्रेचा पाठ फक्त आपल्या मुलाला सांगावा, तसला हा प्रकार. विद्या वाटावी की झाकावी, हा प्रश्न येथेच उभा राहिला आणि त्याच्या उत्तराने पुढचा इतिहास घडविला.

ते असे घडले. अमेरिकेतील हार्टफर्ड गावी डॉ. मेसन कॉग्जवेल यांची ॲलिस नावाची मुलगी लहानपणीच्या तापात बहिरी झाली होती. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी शाळा काढावी, म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी करून टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट या तरुण पदवीधराला १८१५ साली विलायतेस पाठविले. ब्रेडवुड मंडळींनी त्याला अट घातली: काही वर्षे आमच्याकडे साहाय्यक म्हणून राबावे आणि पद्धत गुप्त ठेवावी. गॅलॉडेट हिरमुसला. परंतु त्याच सुमारास लेपेचा उत्तराधिकारी आबे सिकार आपले दोन कर्णबधिर शिष्य घेऊन लंडनला आला होता. सिकारने त्याला पॅरिसला बोलाविले आणि शाळेची दारे उघडून दिली. त्या दोन शिष्यांतील धाकटा लोरां क्लेर तेव्हा पॅरिसच्या शाळेत स्वतः शिक्षक होता. क्लेर अमेरिकेस येण्यास तयार झाला.

१८१६ च्या जूनमध्ये दोघे जहाजात बसले आणि बावन्न दिवसांनी न्यूयॉर्कला उतरले. या बावन्न दिवसांत क्लेरने गॅलॉडेटला खुणांची भाषा शिकविली आणि गॅलॉडेटने क्लेरला इंग्रजी. कर्णबधिरांचे शिक्षक तयार करण्याचा अमेरिकेतील पहिला अभ्यासक्रम कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही हे जहाज दाखवू. तेथे ऐकणारा पदवीधर शिष्य होता आणि ऐकू न येणारा गुरू होता; घटका-दोन घटकांनी भूमिका उलट होत. एकाजवळ जे नव्हते, ते दुसऱ्याजवळ होते.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्डची शाळा उघडली. क्लेर तीन वर्षांच्या कराराने आला होता. तो १८५८ पर्यंत शिकवीत राहिला. मुलांइतकेच त्याने शिक्षकही घडविले. इतर संस्थानांत शाळा निघू लागल्या, तेव्हा त्यांचे शिक्षक हार्टफर्डला येऊन क्लेरपाशी बसत आणि तयार होऊन परत जात. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी वॉशिंग्टनच्या एका संस्थेला कर्णबधिरांना पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. या संस्थेचा प्रमुख होता एडवर्ड मायनर गॅलॉडेट, म्हणजे टॉमसचा सर्वांत धाकटा मुलगा. एडवर्डची आई सोफिया ही स्वतः कर्णबधिर होती. त्या काळी अमेरिकेतील अशा शाळांतून पाच शिक्षकांमागे सुमारे दोघे कर्णबधिर असत.

येथवरची चाल सरळ दिसते. पण पुढे वळण आहे. १८८० साली मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी जमले. त्यांत कर्णबधिर एकच. परिषदेने प्रचंड बहुमताने ठराव केला की, शिक्षणात वाचेचे स्थान खुणांहून श्रेष्ठ असून शुद्ध वाचिक पद्धतच स्वीकारावी. विरोधी मते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांत एडवर्ड गॅलॉडेट होता. ज्यांच्या भाषेचा निकाल लागत होता, ते दालनाबाहेर होते. आता, ज्या शाळेत फक्त बोलण्याने शिकवावयाचे, तेथे कर्णबधिर शिक्षकाला जागा कोणती? मुलांचा उच्चार ऐकून तो दुरुस्त करणे त्याला कसे शक्य व्हावे? ठराव पद्धतीविषयी होता, परंतु त्याची कुऱ्हाड माणसांवर पडली. १९१७ च्या सुमारास अमेरिकेत कर्णबधिर शिक्षकांचे प्रमाण सातांत एक इतके खाली आले होते.

आता आपण १८९१ या साली येऊ. गॅलॉडेटने ठरविले की, या कामासाठी पदवीधरच घ्यावेत आणि त्यांना वर्षभर पद्धतशीर शिक्षण द्यावे. त्यासाठी त्याने आपल्या कॉलेजात नॉर्मल वर्ग काढण्याचे योजिले आणि सरकारकडे पैसा मागितला. त्याला आडवा आला तो टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण बेल स्वतःला प्रथम कर्णबधिरांचा शिक्षक म्हणवून घेई. त्याची आई बहिरी होती आणि पत्नी मेबल हीही बहिरी होती. बहिऱ्या आयांचे हे दोन सुपुत्र सभागृहाच्या समितीपुढे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, याहून चमत्कारिक योग कोणता? बेलला भीती अशी की, या वर्गातून कर्णबधिर शिक्षक तयार होतील, आणि असे शिक्षक वाचाशिक्षणाला मारक ठरतील. कर्णबधिरांनी आपापसांत विवाह करून एक वेगळी जमात होऊ नये, म्हणूनही त्याचा कर्णबधिर शिक्षकांना विरोध होता. हे त्याने १८८३ च्या आपल्या प्रबंधात मांडले होते.

यावर गॅलॉडेटने उत्तर काय दिले? ‘कर्णबधिर शिक्षक तयार झाले तर बिघडले काय?’ असे म्हणावयास त्याच्यापाशी क्लेरचे उदाहरण होते. पण तो म्हणाला की, हा वर्ग ऐकू येणाऱ्या पदवीधरांसाठीच आहे. तसाच तो निघाला. आम्ही गॅलॉडेटला लहान लेखू इच्छीत नाही. मिलानच्या लाटेत खुणांची भाषा शाळेत टिकवून धरणारा तोच होता. ऐकणाऱ्या पदवीधरांनी ही भाषा शिकून देशभर जावे, म्हणजे तिला बळ येईल, असा त्याचा हिशेब असावा. हिशेबात चूक नव्हती. परंतु ज्यांच्यासाठी तो मांडला, त्यांचेच नाव त्यातून वगळले गेले.

हा वर्ग होता मात्र उत्तम. निवडक पदवीधरांना विद्यावेतन मिळे. या शिक्षणाचा इतिहास, वाचेच्या इंद्रियांची रचना, उच्चार शिकविण्याच्या रीती आणि खुणांची भाषा ते शिकत. त्याच आवारातील केंडॉल शाळेत प्रत्यक्ष पाठ घेत, आणि वर्षाअखेर एम. ए. होऊन बाहेर पडत. हार्वर्डचा पदवीधर पर्सिव्हल हॉल याच वर्गातून निघाला आणि १९१० मध्ये कॉलेजचा अध्यक्ष झाला. पण चित्र डोळ्यांपुढे आणा: त्याच आवारात कर्णबधिर तरुण बी. ए. होत आहेत. नवे नॉर्मलवाले त्यांच्यात राहून खुणा शिकत आहेत. वर्ष संपताच शिकणारा ‘प्रशिक्षित शिक्षक’ म्हणून सन्मानाने शाळेवर जातो, आणि ज्याच्यापासून तो शिकला, त्या पदवीधराला त्या वर्गाचा उंबरा ओलांडता येत नाही. पुढे कित्येक दशके हाच शिरस्ता राहिला.

इतरत्रही हे शिक्षण विद्यापीठाच्या पातळीवर येऊ लागले. १९१९ साली मँचेस्टर विद्यापीठात स्वतंत्र विभाग निघाला; त्यासाठी देणगी देणारे गृहस्थ एका कर्णबधिर मुलाचे वडील होते. तेथेही मार्ग वाचिक पद्धतीचाच होता.

आपल्याकडील स्थिती काय होती? मुंबईत १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे इन्स्टिट्यूशन फॉर डेफ अँड म्यूट्स’ ही शाळा निघाली. १८९३ साली कलकत्त्याची शाळा निघाली. कलकत्त्याच्या शाळेच्या संस्थापकांपैकी यामिनीनाथ बॅनर्जी हे पुढे इंग्लंडला आणि तेथून वॉशिंग्टनला गेले आणि गॅलॉडेटच्या याच नॉर्मल वर्गात शिकून परत आले. समुद्रपर्यटनालाच जेथे प्रायश्चित्त सांगत, त्या काळी बहिऱ्या मुलांसाठी एक बंगाली गृहस्थ सातासमुद्रांपार विद्यार्थी होतो, ही गोष्ट आपल्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहावी अशी आहे. पण त्यांनी जी विद्या आणली, तिच्याबरोबर तिचा बंद दरवाजाही आला, हे विसरता येत नाही. कर्णबधिर मनुष्य हा शिक्षणाचा विषय, शिक्षक नव्हे, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ नांदली.

दार उघडले ते भाषाशास्त्राच्या किल्लीने. वॉशिंग्टनच्या त्याच कॉलेजात १९५५ साली विल्यम स्टोको नावाचा इंग्रजीचा प्राध्यापक आला. विद्यार्थ्यांच्या खुणा तो बारकाईने पाहू लागला. जसे आपल्या शब्दांचे वर्ण पाडता येतात, तसे या खुणांचेही घटक पाडता येतात, म्हणजे हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल, असे त्याने १९६० साली सिद्ध केले. ज्याला लोक हातवारे म्हणत, ती व्याकरणयुक्त भाषा ठरली. भाषा ठरली म्हणजे तिचे जाणकार आले, आणि जाणकार आले म्हणजे त्यांना गुरुपद नाकारणे कठीण झाले. १९८८ च्या मार्चमध्ये त्या विद्यापीठावर पुन्हा एक ऐकणारी व्यक्ती अध्यक्ष नेमली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आठवडाभर विद्यापीठ बंद पाडले आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. २०१० साली व्हँकूवरच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. खेद व्यक्त व्हायला १३० वर्षे लागली!

आमच्या देशात १९८३ साली मुंबईस वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला अशा शिक्षकांच्या अभ्यासक्रमांवर देखरेखीचा अधिकार मिळाला. आज पदवीधराला कर्णबधिरांच्या शिक्षणाचे विशेष बी. एड. आणि पुढे एम. एड. करता येते. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघाले. तिच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, आणि ही भाषा शिकविण्याची पदविका कर्णबधिर उमेदवारांसाठी सुरू झाली. क्लेरची गादी आपल्याकडे अशी उशिरा मांडली गेली.

कोणी म्हणेल, आता उत्तम श्रवणयंत्रे आहेत, शस्त्रक्रिया आहेत. मग खुणांचा हा आग्रह कशाला? आमचे उत्तर असे की, ज्या मुलाला यंत्राने लाभ होतो, त्याने अवश्य बोलावे. गॅलॉडेटचेही मत तेच होते. आमचा वाद पद्धतीशी नाही. शिक्षक घडविणाऱ्या वर्गात ज्याला स्वतः बहिरेपणाचा अनुभव आहे तो बसतो की नाही, एवढेच आम्ही विचारतो. ऐकणारा पदवीधर मुलाला बाहेरच्या जगाकडे नेऊ शकेल. पण बहिरे असून विद्वान होता येते, हे मुलाला दिसावे लागते, आणि ते फक्त कर्णबधिर गुरूच दाखवू शकतो.

आपल्या गावात अशी शाळा असेल, तर तिच्या स्नेहसंमेलनाला आपण जरूर जावे. मुलांचे नाच पाहावे, टाळ्या द्याव्या. आणि निघताना चालकांना नम्रपणे एक प्रश्न विचारावा, की आपल्या शिक्षकवर्गात कर्णबधिर किती आहेत? उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तर त्या जहाजाची आणि त्या बावन्न दिवसांची गोष्ट त्यांना सांगावी.