संगणकातील एक खाच आणि आपली लिपी

बेळ्ळंदूरच्या तळ्याभोवती आज संगणक कंपन्यांच्या इमारतींची दाटी झाली आहे. आपल्या मंडळातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ संगणकावरच चालतो. परंतु एके काळी या यंत्रात मराठीला जागाच नव्हती. ती एका अरुंद खाचेतून मिळवावी लागली. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. तरीही तो काळ कचेरीत पाहिलेला असल्यामुळे, सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हा लेखनप्रपंच.

१९७७ च्या ॲपल-२ या घरगुती संगणकात आठ, तर १९८१ च्या आयबीएम पीसीत पाच खाचा होत्या. यंत्राच्या अंगी मुळात नसलेले गुण जादा कार्डे बसवून त्याला देता यावेत, ही त्यामागील योजना. पीसीच्या पडद्यावरील अक्षरांचा साचा कायमचा ठरलेला असे. त्यात २५६ चिन्हे, आणि तीही रोमन वळणाची. वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांना तेथे थारा कोठून असणार?

देवनागरी संगणकाचे काम कानपूरच्या आयआयटीत झाले, व १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तो लोकांपुढे मांडला गेला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘जिस्ट’ कार्ड विकसित झाले. ते खाचेत बसविले की वर्डस्टार, डीबेस यांसारखे इंग्रजीसाठी घडलेले कार्यक्रम भारतीय लिप्यांत चालू लागत. अक्षरे जुळविण्याचा भार कार्ड स्वतः उचली.

मात्र कार्ड बसविले म्हणजे काम संपले असे नसे. १९९३ च्या सुमारास आमच्या कचेरीत असे कार्ड आले, आणि पडदा काळाच राहिला! दोन कार्डे स्मृतीच्या एकाच पत्त्यावर हक्क सांगत होती. तंत्रज्ञाने यंत्र बंद करून कार्डावरील जंपर, म्हणजे दोन सुया जोडणारी चिमुकली टोपी, एक घर सरकवली. पडदा उजळला. मी माझ्या गावाचे नाव मराठीत लिहिले. शेजारच्या कन्नड सहकाऱ्याने एक कळ दाबली आणि तेच नाव कन्नड लिपीत उमटले. आम्ही दोघेही काही क्षण स्तब्ध होतो.

यामागील तत्त्व सोपे होते. ‘इस्की’ या संकेतात (१९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला) मराठी ‘क’ आणि कन्नड ‘ಕ’चा उच्चार, दोहोंस १७९ हा एकच क्रमांक होता, लिपी बदलली तरी वर्ण तोच. ब्राह्मीच्या कुळातील हे नाते यंत्रानेही मान्य केले. पुढे युनिकोडने १९८८ च्या इस्कीचाच वर्णक्रम घेतला, पण प्रत्येक लिपीला स्वतंत्र घर दिले. मग अक्षरे काढण्याचे काम संगणकाची प्रणालीच करू लागली आणि कार्डाची गरज संपली. आज मोबाइलवर नातू आजीला मराठीत निरोप धाडतो तो याच वाटेने.

एक विनंती करतो. त्या वर्षांतील मराठी पत्रे, अहवाल, सभासद-याद्या कोणाच्या घरी जुन्या फ्लॉपींवर असतील, तर त्या वाचता येत आहेत तोवर नव्या संकेतात उतरवून घ्याव्यात. परमुलखात आपण खटपटीने जागा मिळवली, तशीच आपल्या लिपीनेही मिळवली; त्या खटपटीची कागदपत्रे आपल्याच हयगयीने नष्ट होऊ नयेत.